नकाशा ते ब्रोशर: थ्रीडी व्ह्यू काढायला शिकताना

साइटवर अजून पाया खोदलेला नसतो, भोवती पत्र्याचं कुंपण असतं, आणि त्या कुंपणावर मात्र अख्खी इमारत रंगरंगोटीसह उभी असते. ते चित्र कुणीतरी कॉम्प्युटरवर बांधलेलं असतं. आर्किटेक्चरल व्हिज्युअलायझेशन करणाऱ्याचं हे काम. बांधकामक्षेत्रात याला सगळे सरळ 'व्ह्यू काढणं' म्हणतात.

नवीन मुलं या कामाकडे सॉफ्टवेअरच्या बाजूने येतात आणि पहिलं वर्ष 'कोणतं रेंडर इंजिन (मॉडेलवरून चित्र तयार करणारं सॉफ्टवेअर) भारी' यात घालवतात. खरी अडचण वेगळीकडेच असते: नकाशा वाचता येत नाही, मापं डोळ्यात बसलेली नाहीत, ऊन कुठून येतं हे बघितलेलं नाही. म्हणून इथे एकच उदाहरण धरून जाऊ. पुण्यातली स्टिल्ट (खांबांवरचा मोकळा पार्किंगचा तळमजला) अधिक सात मजली सोसायटी, आणि तिचा ए३ ब्रोशरवर छापायचा एक बाहेरचा व्ह्यू.

सॉफ्टवेअर आणि मशीन, थोडक्यात

नकाशा ऑटोकॅडमध्ये येतो, त्यामुळे डीडब्ल्यूजी फाइल उघडून साफ करता आलीच पाहिजे. मॉडेलसाठी आपल्याकडच्या ऑफिसांत स्केचअप आणि थ्रीडीएस मॅक्स जास्त चालतात. रेंडरसाठी व्ही-रे किंवा कोरोना, आणि झटपट कामाला लुमियन, एन्स्केप, डी५. खिशात पैसे नसतील तर ब्लेंडर फुकट आहे आणि त्यातलं सायकल्स इंजिन ब्रोशरच्या कामाला पुरून उरतं. क्रॅक केलेल्या प्रतीवर पगारी काम करू नका. कंपन्या कायदेशीर नोटिसा पाठवतात आणि ती नोटीस शिकाऊ मुलाच्या नाही, ऑफिसच्या नावावर येते.

मशीन घेताना आधी इंजिन ठरवा. कोरोना प्रोसेसरवर चालतं, तिथे महागडं ग्राफिक्स कार्ड फारसं कामाचं नाही. सायकल्स किंवा व्ही-रे जीपीयू वापरणार असाल तर कार्डावरची मेमरी बघा. झाडंझुडपं असलेल्या बाहेरच्या सीनला ८ जीबी लवकर अपुरी पडते, १२ जीबी किंवा जास्त असेल तर निभावतं. रॅम ३२ जीबीच्या खाली नको.

पायरी १: नकाशे मागवा आणि वाचा

'एलिव्हेशन पाठवतो, व्ह्यू काढ' असं म्हणून एक जेपीजी आली तर काम सुरू करू नका. मागायचं ते असं: प्रत्येक वेगळ्या मजल्याचा प्लॅन, किमान दोन सेक्शन (उभे छेद), चारही एलिव्हेशन (बाहेरून दिसणाऱ्या बाजू), टेरेस प्लॅन, उत्तर दिशा आणि रस्त्याची रुंदी दाखवणारा लेआउट, दारं-खिडक्यांचं शेड्युल, रंगांचे शेड कोड आणि साइटचे मोबाइलवर काढलेले फोटो.

मग प्लॅन आणि एलिव्हेशन ताडून बघा. ते जुळत नाहीत, हे जवळजवळ गृहीतच धरा. प्लॅनमध्ये बाल्कनी दीड मीटर बाहेर आलेली असते, एलिव्हेशनमध्ये जुनीच १.२ मीटरची राहिलेली असते. टॉयलेटच्या व्हेंटिलेटरची जागा सरकलेली असते. कोणतं खरं, हे आपण ठरवायचं नाही. यादी करून आर्किटेक्टला मेल करायची. यादीत हे प्रश्न हमखास असू द्या: एसीचे आउटडोअर युनिट कुठे? पावसाच्या पाण्याचे पाइप कोणत्या भिंतीवरून उतरतात? लिफ्ट मशीन रूम आणि पाण्याची टाकी किती उंच? रेलिंग काचेचं की एमएसचं (लोखंडी)? उंच इमारत असेल तर रेफ्यूज एरिया (आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा) कोणत्या मजल्यावर आणि कोणत्या बाजूला? हे प्रश्न पहिल्याच मेलमध्ये गेले नाहीत तर फायनल रेंडरनंतर परत येतात आणि तेव्हा दोन दिवस खातात.

मापांचा एक घोळ आपल्याकडचा खास आहे. मंजुरीचा नकाशा मीटरमध्ये, वर्किंग ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, आणि साइटवर बोलणं 'दहा बाय बारा' असं फुटात. फाइल उघडल्यावर पहिल्यांदा मुख्य दरवाजाची रुंदी मोजा. ९०० किंवा १००० आलं तर मिलिमीटर, ०.९ किंवा १ आलं तर मीटर, ३६ किंवा ४२ आलं तर इंच.

पायरी २: डीडब्ल्यूजी साफ करा

मूळ फाइलला हात लावू नका, प्रत काढा. एक्सरेफ (जोडलेल्या बाहेरच्या फाइल) असतील तर बाइंड करा. डायमेन्शन, टेक्स्ट, हॅच, फर्निचर यांचे लेयर काढून टाका. पर्ज, ऑडिट, ओव्हरकिल या कमांड क्रमाने चालवा. एकावर एक बसलेल्या दुहेरी रेषा ओव्हरकिलने जातात. मग फ्लॅटन. काही रेषांना नकळत झेड दिशेत उंची असते, त्यामुळे त्या बंद चौकट बनवत नाहीत आणि थ्रीडीमध्ये भिंत उचलताना पृष्ठभाग तयारच होत नाही. तासभर डोकं खाणाऱ्या या अडचणीचं मूळ बहुतेक वेळा इतकंच असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: ड्रॉइंग उचलून ०,० वर आणा. सर्व्हेवर बसवलेले लेआउट खऱ्या भौगोलिक निर्देशांकांवर असतात. यूटीएम पद्धतीत पुण्याचं नॉर्दिंग २०.५ लाख मीटरच्या आसपास येतं. ब्लेंडरसारखं सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूची जागा ३२ बिटांच्या दशांश संख्येत साठवतं, आणि त्या संख्येत साधारण सात अंकांचीच अचूकता मावते. वीस लाखांच्या पुढे गेल्यावर दोन शेजारच्या शक्य जागांमधलं अंतर ०.१२५ मीटर होतं. म्हणजे प्रत्येक कोपरा जवळच्या साडेबारा सेंटिमीटरच्या खुणेवर जाऊन बसतो. खिडकीच्या चौकटी वाकड्या, रेलिंगचे बार एकमेकांत घुसलेले, सावल्यांवर पट्टे. नवशिक्याला वाटतं मॉडेलिंग बिघडलं. बिघडलेला असतो तो फक्त आरंभबिंदू. प्लॉटचा एक कोपरा किंवा एखादा कॉलम ०,० ला बांधा आणि सगळे मजले त्याच खुणेवर ठेवा.

पायरी ३: मॉडेल

आपल्या उदाहरणात रस्त्यापासून स्टिल्टची फरशी १५० मिमी वर, स्टिल्ट ३ मीटर, त्यावर २.९ मीटरचे सात मजले आणि १.२ मीटरचा पॅरापेट (गच्चीचा कठडा). एकूण २४.६५ मीटर. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, कॅमेऱ्याच्या वेळी लागणार आहे.

ठरावीक मजला एकदाच बांधा, त्याचा कॉम्पोनंट किंवा इन्स्टन्स करा आणि सात वेळा वर चढवा. पुढे खिडकी बदलली की एका जागी बदल पुरतो. भिंतीला खरी जाडी द्या, बाहेरची १५० किंवा २३० मिमी, जी सेक्शनमध्ये असेल ती. स्लॅब १२५ ते १५० मिमी, छज्जा ६०० मिमी बाहेर. स्केचअपमध्ये काम करत असाल तर पृष्ठभागांची उलटी, निळसर बाजू कुठे बाहेर राहिली नाही हे बघा. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेल्यावर तिथे काळे डाग किंवा गायब झालेल्या भिंती दिसतात. दोन पृष्ठभाग नेमके एकाच प्रतलात आले तर रेंडरमध्ये ठिपके आणि ॲनिमेशनमध्ये लुकलुक होते. क्लॅडिंग (भिंतीवरचं दगड-टाइलचं आवरण) भिंतीवर चिकटवू नका, खरी जाडी देऊन पुढे काढा.

चित्र खरं वाटणार की खेळण्यातलं, हे सगळ्यात जास्त खिडकीवर ठरतं. आपल्याकडची ॲल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी म्हणजे चौकटीत दोन किंवा तीन ट्रॅक, आणि प्रत्येक शटर वेगळ्या ट्रॅकवर. दोन काचा कधीही एका प्रतलात नसतात. मधोमध शटर एकमेकांवर चढतात तिथे उभी जाड पट्टी दिसते. चौकट भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून आत असते, खाली ग्रॅनाइटची सिल थोडी पुढे आलेली असते. हे सगळं एका खिडकीत केलं की सात मजल्यांवर आपोआप येतं, म्हणून त्या एका खिडकीला अर्धा दिवस द्यायला हरकत नाही.

आत काही नसेल तर काच रेंडरमध्ये काळी दिसते. प्रत्येक खिडकीमागे साधी खोली ठेवा: भिंत, छत, फरशी. काचेमागे १५०-२०० मिमीवर पडदा. सगळे पडदे सारखे उघडे ठेवू नका.

कडांवर बारीक बेव्हल द्या, म्हणजे कड किंचित कापा. प्लास्टरच्या कोपऱ्याला ३ ते ५ मिमी, लाकडी फर्निचरला १ ते २ मिमी. चाकूसारखी धारदार कड खऱ्या जगात नसते, आणि कडेवर पडणारी उजेडाची बारीक रेघ नसली की डोळ्याला काहीतरी खटकतं. काय खटकतंय ते मात्र सांगता येत नाही.

पायरी ४: कॅमेरा

मटेरियल लावण्याआधी कॅमेरा ठरवा आणि करड्या रंगाचा क्ले रेंडर पाठवून मंजुरी घ्या. मंजुरी मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लेखी हवी.

हिशोब सोपा आहे. ३६ मिमी रुंद सेन्सर धरला तर चित्रात दिसणारी रुंदी म्हणजे अंतर गुणिले ३६ भागिले फोकल लेंग्थ. इमारतीच्या जवळच्या कोपऱ्यापासून ३५ मीटरवर २८ मिमीची लेन्स ठेवली तर ४५ मीटर रुंदी मावते. आडव्या ए३चं प्रमाण १.४१४, म्हणून उंची ३१.८ मीटर. आपली इमारत २४.६५ मीटरची, आकाश आणि रस्ता मिळून सात मीटर उरले. बसलं.

पण कॅमेरा १.६ मीटर उंचीवर, समोर सरळ बघणारा असेल तर डोळ्याच्या पातळीच्या वर फक्त १५.९ मीटर दिसतात. वरचे मजले कापले जातात. इथे नवीन माणूस कॅमेरा वर कलवतो आणि इमारतीच्या उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात, इमारत मागे पडल्यासारखी दिसते. कॅमेरा आडवाच ठेवा आणि व्हर्टिकल शिफ्ट द्या, म्हणजे कॅमेरा न कलवता चौकट वर सरकवा. ब्लेंडरमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शिफ्ट वाय, व्ही-रे आणि कोरोनाच्या कॅमेऱ्यांतही ही सोय असते. उभ्या रेषा उभ्याच राहतात.

आता साइट बघा. समोरचा रस्ता १२ मीटरचा असेल तर ३५ मीटर मागे गेलेला कॅमेरा समोरच्या सोसायटीच्या दिवाणखान्यात पोहोचलेला असतो. सगळेच असं करतात आणि ते चालतंही, फक्त समोरची इमारत त्या कॅमेऱ्यापुरती लपवावी लागते. दुसरा पर्याय म्हणजे कॅमेरा ९-१० मीटर उंचीवर, समोरच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून बघितल्यासारखा. यात शिफ्ट कमी लागतो आणि आवारातली बागही दिसते.

घरातल्या व्ह्यूला कॅमेरा १.१ ते १.२ मीटर उंचीवर आणि लेन्स २४ मिमीच्या आसपास. १६-१८ मिमीला उतरलं की दहा बाय बाराची बेडरूम लग्नाच्या हॉलसारखी दिसते, आणि ग्राहक ताबा घेताना त्याच चित्राची आठवण काढतो.

पायरी ५: ऊन

इथे नकाशावरची उत्तर दिशा कामी येते. पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेला ४८ अंश उंचीवर असतो. २१ जूनला तो डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकून ८५ अंशांवर. मेच्या मध्यावर आणि जुलैअखेरीस दुपारी सावली पायाखालीच. यातून काही गोष्टी आपोआप निघतात. दक्षिणेकडच्या बाजूला हिवाळ्यात छान तिरपं ऊन मिळतं. पूर्वेच्या बाजूला फक्त सकाळी. 'पूर्वाभिमुख प्रवेशद्वार' असं ब्रोशरवर ठळक छापायचं आणि त्याच दारावर संध्याकाळचं केशरी ऊन टाकायचं, हे वास्तू बघून घर घेणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

उत्तरेकडच्या बाजूची पंचाईत असते. तिच्यावर दुपारचं ऊन वर्षातून जेमतेम अडीच महिने, तेही जवळजवळ भिंतीला समांतर. मे महिन्यात सकाळी आठ-नऊला किंवा संध्याकाळी पाचच्या सुमारास भिंतीवरून घसरत जाणारं ऊन खरं आहे, ते वापरा. नाहीतर सरळ पावसाळी ढगाळ उजेडातला किंवा तिन्हीसांजेचा व्ह्यू काढा. खोटं ऊन दाखवण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

सावली तपासायची युक्ती: सूर्य भिंतीच्या बरोबर समोर असेल तर छज्जाच्या सावलीची लांबी म्हणजे छज्जाची लांबी गुणिले सूर्याच्या उंचीचा टॅन्जंट. ६०० मिमी छज्जा, ४८ अंश ऊन, सावली सुमारे ६६५ मिमी. सीनमध्ये मोजून बघा. दुप्पट येत असेल तर तारीख, वेळ किंवा उत्तर दिशा चुकली आहे.

आकाशासाठी एचडीआरआय (उजेडाची प्रखरता साठवलेला चौफेर फोटो) वापरतात. पॉली हेवनवर सीसी० परवान्याचे चांगले मिळतात, व्यावसायिक कामाला मोकळे. मात्र त्यातले बरेच परदेशातले, सूर्य खाली असलेले. सूर्याची जागा आपल्या तारखेशी जुळवा. काही एचडीआरआयमध्ये सूर्याची प्रखरता कापली गेलेली असते, मग सावल्या मेणचट येतात. अशा वेळी त्याच दिशेला वेगळा सन लाइट जोडायचा.

तिन्हीसांजेच्या व्ह्यूला घरातले दिवे २७०० ते ३००० केल्व्हिन आणि वर निळं आकाश. सगळ्या खिडक्या पेटवू नका. निम्म्याहून कमी खिडक्यांत दिवे, काही मंद, काहींना पडदे. सगळीकडे सारखा उजेड असला की इमारत ऑफिससारखी दिसते.

पायरी ६: मटेरियल

पांढरा रंग आरजीबी २५५ ठेवला की भिंत जळते आणि घरातल्या व्ह्यूत उजेड भिंतीभिंतींत उसळत राहतो. चुन्यासारख्या पांढऱ्यालाही २३० पुष्कळ होतं. म्हणजे पडलेल्या उजेडापैकी सुमारे ७९ टक्के परत. काळ्यालाही शून्य नको, ५० च्या आसपास ठेवा. काचेचा आयओआर (प्रकाश वाकवण्याचं प्रमाण) १.५२, पाण्याचा १.३३. बाहेरच्या ॲक्रिलिक रंगाचा रफनेस (खरखरीतपणा, ० म्हणजे आरसा) ०.७ ते ०.९, पॉलिश व्हिट्रिफाइड टाइलचा ०.०५ ते ०.१.

टेक्स्चरचं माप खरं हवं. ६०० बाय १२०० ची टाइल आणि २ मिमी सांधा असेल तर प्रतिमेत नेमक्या किती टाइल आहेत ते मोजून स्केल द्या. आपल्याकडची पारंपरिक वीट साधारण २३० बाय ११५ बाय ७५ मिमी; परदेशी टेक्स्चरमधली वीट वेगळ्या प्रमाणाची असते आणि खिडकीशेजारी लगेच उघडी पडते. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या बंगल्याचं काम आलं तर 'लाल दगड' म्हणून कुठलंही टेक्स्चर लावू नका. जांभ्याला भोकं असतात, तासल्याच्या खुणा असतात, रंग चिऱ्यागणिक बदलतो. जवळच्या बांधकामावर जाऊन ढगाळ दिवशी समोरून फोटो काढलेला बरा.

दोन तांत्रिक चुका नेहमीच्या. पहिली: रफनेस, बंप आणि नॉर्मलचे मॅप (पृष्ठभागाचा खरखरीतपणा आणि उंचसखलपणा सांगणाऱ्या प्रतिमा) हे रंग नसून आकडे आहेत. ते एसआरजीबी, म्हणजे रंगाची प्रतिमा, म्हणून वाचले गेले की चकाकी आणि खोली दोन्ही बिघडतात. ब्लेंडरमध्ये ते नॉन-कलर करा. दुसरी: नॉर्मल मॅप ओपनजीएल आणि डायरेक्टएक्स अशा दोन पद्धतींचे येतात, फरक फक्त हिरव्या चॅनलच्या दिशेचा. उलटा लागला तर टाइलचे सांधे खाली बसण्याऐवजी वर उचललेले दिसतात. हिरवा चॅनल फिरवा, झालं.

शेड कोडबद्दल एक गोष्ट क्लायंटला आधीच सांगून ठेवा. ब्लेंडरच्या ४.० आवृत्तीपासून एजीएक्स हा व्ह्यू ट्रान्सफॉर्म (सीनमधल्या उजेडाचं स्क्रीनच्या रंगांत रूपांतर) मुळातच चालू असतो. त्यामुळे प्रखर उजेड छान सांभाळला जातो, पण भडक रंग फिके होतात. शेडकार्डातला विटकरी आणि चित्रातला विटकरी तंतोतंत जुळणार नाही. उन्हातल्या खऱ्या भिंतीवरही तो जुळत नसतो.

पायरी ७: झाडं, गाड्या, माणसं

सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या लायब्ररीतली झाडं बहुतेक थंड देशांतली. पुण्याच्या रस्त्यावर मॅपल आणि बर्च उगवलेले बघून हसू येतं. गुलमोहर, बहावा, ताम्हण, कडुनिंब, चाफा, कुंपणाला बोगनवेल. यांची मॉडेल शोधावी लागतात, पण एकदा गोळा केली की कायमची होतात. प्रत्येक झाड वेगळ्या कोनात फिरवा आणि उंची दहा-पंधरा टक्के कमीजास्त करा. झाडं प्रॉक्सी (रेंडरच्या वेळीच उघडणारी बाहेरची फाइल) किंवा इन्स्टन्स म्हणूनच टाका. पाच लाख पॉलिगॉनचं झाड चाळीस वेळा कॉपी केलं तर मशीन बसतं, इन्स्टन्स केलं तर मेमरीत एकदाच राहतं. गवत मेमधल्या उन्हात पोपटी हिरवं दाखवू नका.

गाड्यांची स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे बघा. लायब्ररीतल्या अर्ध्याअधिक गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या असतात आणि नवीन माणूस त्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावायला लावतो. दोन-तीन स्कूटर, वॉचमनची केबिन, एखादी शाळेची बॅग घेतलेली मुलगी एवढं पुरतं.

पायरी ८: रेंडर आणि पोस्ट

चाचणी १५०० पिक्सेलवर. ए३ ला ३०० डीपीआयने ४९६१ बाय ३५०८ लागतात. कडेने ३ मिमी ब्लीड (कापण्यासाठीचं जादा चित्र) मागितलं तर ५०३१ बाय ३५७९. होर्डिंगसाठी कुणी '३०० डीपीआयमध्येच पाहिजे' म्हटलं तर घाबरू नका, वीस फुटी फ्लेक्स लांबून बघतात आणि पाच-सहा हजार पिक्सेल त्याला पुरतात.

कोरोनात नॉइज लिमिट (चित्रात किती दाणे चालतील ती मर्यादा) डीनॉइझरसह, म्हणजे दाणे पुसणाऱ्या साधनासह, ५ टक्के, त्याशिवाय ३ टक्के ठेवून सुरुवात करा. सायकल्समध्ये नॉइज थ्रेशोल्ड ०.०१ असतोच. डीनॉइझरवर फार भार टाकू नका, झाडांची पानं आणि बारीक ग्रिल तो लोण्यासारखे पसरवून टाकतो. पांढरे चमकते ठिपके आले तर बहुतेक वेळा एखादा फार लहान आणि फार प्रखर दिवा कारणीभूत असतो. दिवा मोठा करा किंवा क्लॅम्प (प्रखरतेला कमाल मर्यादा) लावा.

फाइल ईएक्सआरमध्ये: चित्र आणि रिफ्लेक्शन १६ बिट, पण क्रिप्टोमॅट (प्रत्येक वस्तू वेगळी निवडता येणारा थर) आणि झेड-डेप्थ (कॅमेऱ्यापासूनचं अंतर) ३२ बिटमध्ये. 'फक्त रेलिंग थोडं गडद' असा फोन रात्री येतो तेव्हा क्रिप्टोमॅटने पाच मिनिटांत निवड होते, पुन्हा रेंडर लावावा लागत नाही. पोस्टमध्ये, म्हणजे रेंडरनंतरच्या दुरुस्तीत, हात आखडता घ्या. स्क्रीनवरची झगझगीत निळी आणि हिरवी छटा सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंत) मळते, म्हणून छापण्याआधी प्रेसकडून प्रूफ मागवा.

एआयने माणसं, गवत, आकाश सुधारून घ्यायला हरकत नाही. पण इमारतीवर मास्क लावल्याशिवाय नको. तो हळूच एक खिडकी वाढवतो किंवा रेलिंगचे बार बदलतो, आणि ते छापल्यावर दिसतं.

वॉकथ्रूचं (इमारतीतून फिरवणाऱ्या व्हिडिओचं) काम स्वीकारण्याआधी गुणाकार करा. एक मिनिट, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे १५०० फ्रेम. फ्रेमला चार मिनिटं लागली तरी १०० तास. एका मशीनवर चार दिवस, आणि मध्ये लाइट गेली तर तुमचं नशीब. फ्रेम सुट्या प्रतिमा म्हणून साठवा, थेट व्हिडिओ फाइल कधीही नाही.

पायरी ९: काय दाखवायचं नाही

रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचं नुकसान झालं तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. जबाबदारी त्याची, पण चित्र तुमचं. शेजारच्या दुसऱ्याच्या प्लॉटवर बाग, मंजूर नकाशात नसलेला स्विमिंग पूल, नऊ मीटरच्या रस्त्याचा चौपदरी रस्ता: हे सांगितलं तरी मेलवर लेखी विचारा, 'हे मंजूर नकाशात आहे का?' बऱ्याचदा एवढ्यानेच मागणी मागे घेतली जाते. महारेराचा नोंदणी क्रमांक आणि ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा झालेला क्यूआर कोड जाहिरातीवर येणार असतो. त्याला रिकामी जागा राहील अशी चौकट आधीच धरा, नाहीतर डिझायनर तो तुमच्या प्रवेशद्वारावर चिकटवतो.

कामाचा व्यवहार आणि पोर्टफोलिओ

दर सांगताना मॉडेल आणि व्ह्यू वेगळे लिहा. मेहनतीचा मोठा भाग मॉडेलमध्ये जातो. पुढचा प्रत्येक कॅमेरा त्यामानाने स्वस्तात होतो. 'प्रत्येक व्ह्यूचे अमुक' असं सरसकट सांगितलं की एकच व्ह्यू मागणारा परवडत नाही. निम्मे पैसे आगाऊ, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात, तिसरीपासून वेगळे. नकाशाच बदलला तर ती दुरुस्ती धरायची नाही, नवं काम धरायचं. हे वाक्य कोटेशनमध्येच असू द्या. पूर्ण रिझोल्यूशनची फाइल उरलेले पैसे आल्यावर.

नोकरीसाठी पाच-सहा चित्रं बस्स, पण प्रत्येकासोबत क्ले रेंडर जोडा. विकत घेतलेल्या तयार सीनमध्ये सोफा बदलून टाकलेली चित्रं स्टुडिओवाले पहिल्या नजरेत ओळखतात. त्याऐवजी स्वतःची खोली टेपने मोजा, एका खिडकीच्या उजेडात फोटो काढा, एफस्पाय या फुकट साधनाने फोटोवरून कॅमेरा जुळवा आणि तोच फोटो रेंडरमध्ये हुबेहूब उभा करा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेली ही जोडी पोर्टफोलिओत सगळ्यात जास्त बोलते. सरावाच्या दृष्टीनेही याला तोड नाही, कारण चूक कुठे झाली ते फोटोच दाखवतो.

काम संपलं की फोल्डर नीट बंद करा: टेक्स्चर आणि प्रॉक्सीसह आर्काइव्ह केलेला सीन, मंजूर झालेले नकाशे तारखेसह, ईएक्सआर फाइल, आणि वापरलेल्या सॉफ्टवेअर-प्लगिनच्या आवृत्त्या लिहिलेली एक साधी टेक्स्ट फाइल. सहा महिन्यांनी बी विंगचं बुकिंग सुरू होतं आणि 'तोच व्ह्यू, फक्त रंग बदलून' असा निरोप येतो. तेव्हा डी ड्राइव्हवरच्या 'न्यू फोल्डर ३' मधली टेक्स्चर सापडली नाहीत, तर मॉडेल असूनही काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं, आणि त्याचे पैसे कुणी देत नाही.